दारावरची वही

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी एक वही असते. लांबट, कोपरे दुमडलेली, पेन सुतळीनं बांधलेलं. तारीख, नाव, कोणाकडे, आत वेळ, बाहेर वेळ, सही. वॉचमनकाका कुरिअरवाल्याला हाकलत नाहीत, प्लंबरलाही नाही. लिहून घेतात आणि सोडतात. त्यांचं खरं काम रात्री असतं. 'बाहेर वेळ' हा रकाना कुणापुढे रिकामा राहिलाय ते बघायचं आणि त्याला शोधायला जायचं. ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या लेंटमध्ये, अंतःकरणाची राखण शिकायला आम्ही सहा-आठ जणांचा गट धरून जी पद्धत चालवतो, ती या वहीवरून उचलली आहे. त्या चाळीस दिवसांत काय करायचं, काय घडतं आणि कुठे अडतं, ते इथे लिहितोय.

ज्या वचनावर हे उभं आहे ते नीतिसूत्रे ४:२३. 'सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर, कारण त्यात जीवनाचा उगम आहे.' हे वचन घरोघरी कॅलेंडरवर गुलाबाच्या चित्राखाली लटकलेलं असतं, आणि बहुतेकांनी त्याचा अर्थ 'वाईटापासून लांब राहा' एवढाच घेतलेला असतो. त्या अर्थानं सुरुवात केली की माणूस दुसऱ्याच आठवड्यात दमतो, कारण संकटं लांब राहत नाहीत. कंपनीत कपात होते, अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक भाडं वाढवतो, घरात कुणाचं तरी डायलिसिस सुरू होतं. 'जगात तुम्हांला क्लेश आहेत' हे प्रभूनं आधीच सांगून ठेवलंय. तेव्हा दाराला कुलूप लावणं ही राखण नव्हे.

दुसरी गोष्ट, इथला इब्री शब्द 'लेब'. आपण हृदय म्हटलं की भावनांकडे वळतो. लेबमध्ये विचार आणि निर्णयही येतात; मराठी बायबलनं 'अंतःकरण' हा शब्द घेतलाय तो योग्यच आहे. आणि ४:२० पासून २७ पर्यंत सलग वाचलं तर अवयवांची रांगच दिसते: कान, डोळे, अंतःकरण, तोंड, पुन्हा डोळे, शेवटी पाय. म्हणजे आत येण्याची दारं आणि बाहेर पडण्याचीही. मधोमध उगम. कात्रजच्या तळ्यातून शनिवारवाड्यापर्यंत पेशवाईत पाण्याचा जो नळ जमिनीखालून आणला होता, त्याला वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी विहिरीसारखी तोंडं, ठेवले होते; पाणी चालू राही आणि गाळ तळाशी बसे. अंतःकरणाचं असंच समजावं. गाळ येणारच आहे, तो काढायची जागा हवी.

आणखी एक वचन सुरुवातीलाच घ्यावं लागतं, नाहीतर सगळा भार आपल्या खांद्यावर येऊन बसतो. फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, फिलिप्पैकरांस ४:७ मध्ये, प्रेषित पौल म्हणतो की देवानं दिलेली शांती तुमची अंतःकरणं आणि विचार 'राखील'. हा 'राखील' ग्रीकमध्ये लष्करी शब्द आहे. दिमिष्कात पौलाला पकडायला राजाच्या अधिकाऱ्यानं शहरावर पहारा बसवला होता, तिथे, २ करिंथ ११:३२ मध्ये, त्यानं हेच क्रियापद वापरलंय. फिलिप्पै ही रोमी वसाहत, निवृत्त शिपायांनी वसवलेली. त्यांना पहारा म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती. आणि लिहिणारा स्वतः कैदेत, पहाऱ्यात बसलेला. तर मग राखायचं कुणी, आपण का देवाच्या शांतीनं? आमच्या गटात पहिल्या बैठकीला हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर फाटकावरच मिळतं. वही लिहिणं आपल्याकडे. बंदूक आपल्याकडे नाही.

आता हिशेब. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस होतात ४६. त्यातले सहा रविवार वजा केले की ४०. रविवार वजा करायचे म्हणजे खरंच करायचे. त्या दिवशी वही उघडायची नाही. उत्साही माणसं हा नियम पहिला मोडतात आणि तीच माणसं चौथ्या आठवड्यात गळतात. बुधवार ते शनिवार हे सुरुवातीचे चार दिवस वेगळे, पुढे सहा-सहा दिवसांचे सहा आठवडे.

सामान थोडंच लागतं: शंभर पानी आखीव वही, एक पेन, छापील बायबल. मोबाइलवरचं बायबल चालेल का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. प्रवासात वाचायला चालेल, या कामाला नको. स्तोत्र उघडलेलं असतं आणि वरून पट्टी खाली येते: 'आपला हप्ता देय आहे.' झालं, दार तिथेच उघडलं. वेळ सकाळी दहा मिनिटं, फोन हातात घेण्याआधी. रात्री बारा मिनिटं, जेवणानंतर पण अंथरुणात नव्हे. अंथरुणात लिहायला घेतलेली वही दोन ओळींत झोपते. घर लहान असेल, एकाच खोलीत टीव्ही चालू असेल तर जिन्यात किंवा गच्चीवर बसावं. गॅसजवळच्या ओट्याशी उभं राहून लिहिणाऱ्या बाया आमच्या गटात आहेत, आणि त्यांच्या वह्या सगळ्यांत नेटक्या असतात.

पहिल्या चार दिवसांत काहीच लिहायचं नाही. झोप आणि जेवण एवढंच नीट करायचं. हे ऐकून लोक नाराज होतात; त्यांना उपवास करायचा असतो. १ राजे १९ वाचा. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत त्याला उपदेश करत नाही, पश्चात्तापालाही लावत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाण्याची सुरई, 'ऊठ, खा'. तो खातो आणि परत झोपतो. पुन्हा उठवणं, पुन्हा खाणं. मगच होरेबपर्यंतची चाळीस दिवसांची वाट. देवाशी बोलणं त्याच्याही नंतर. जो माणूस हिंजवडीहून रात्री साडेनऊला घरी पोचतो, साडेबारापर्यंत फोन चाळतो आणि सहाला उठतो, त्याच्या अंतःकरणात काय चाललंय हे त्याला स्वतःला कळणं शक्य नाही. जे कळतं ते थकव्याचं असतं. म्हणून चार रात्री सात तास झोप, दुपारचा डबा वेळेवर, चहा चारनंतर बंद. उपवास ज्यांना करायचाय त्यांनी पहिल्या आठवड्यापासून शुक्रवारी एक वेळचा करावा. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायांनी, गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोही करू नये.

पहिला पूर्ण आठवडा फक्त वही. चार रकाने आखायचे: वेळ, दार, नाव, बाहेर. दारं सहा: डोळे, कान, फोन, शरीर, आठवण, आतून. फोनला वेगळं दार दिलंय, कारण नाहीतर अर्ध्या नोंदी 'डोळे' मध्ये जाऊन बसतात आणि काही समजत नाही. 'आतून' हे दार मार्क ७:२१ मुळे आलं. तिथे येशू म्हणतो की वाईट विचार माणसाच्या अंतःकरणातूनच निघतात. सगळेच पाहुणे रस्त्यावरून येत नाहीत, काही घरातच राहतात. एक नमुना द्यायचा तर असा:

८:४०, फोन, भीती (बँकेचा मेसेज), बाहेर: रिकामं.
१:१५, कान, हेवा (डब्याच्या वेळी कुणाच्या तरी बढतीची बातमी), बाहेर: संध्याकाळी.
४:००, शरीर, चिडचिड (भूक), बाहेर: खाल्ल्यावर.
७:३०, आठवण, लाज, बाहेर: रिकामं.
९:००, डोळे, समाधान (पोरगी स्वतःहून अभ्यासाला बसली), बाहेर: अजून आहे.

रात्री पाच नोंदी, त्याहून जास्त नाहीत. एका नोंदीला एक ओळ. पाचवीसारखी चांगल्या पाहुण्याची एक नोंद रोज हवीच, कारण दुसऱ्या आठवड्यात तिचं काम पडतं. या सहा दिवसांत नोंदीवर प्रार्थना करायची नाही, उपाय शोधायचा नाही, फक्त वही देवापुढे उघडी ठेवून 'प्रभू, हे आलं' एवढं म्हणायचं.

इथे काय चुकतं ते जरा विस्तारानं सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पहिली चूक 'टेन्शन'. हा शब्द पहिल्या तीन दिवसांत प्रत्येक वहीत असतो, काहींच्या पाचही ओळींत. टेन्शन ही पिशवी आहे, पाहुणा नव्हे. ती उघडून बघायची: आत भीती आहे, राग आहे का नुसता थकवा? भीती असली तर कशाची, पैसे कमी पडण्याची का चारचौघांत मान खाली जाण्याची? या दोन भीतींना वेगवेगळी प्रार्थना लागते, आणि बऱ्याचदा पहिलीच्या नावाखाली दुसरी राहत असते. चौथ्या दिवसापासून आम्ही 'टेन्शन' लिहायला सरळ मनाई करतो.

दुसरी चूक, नावाच्या रकान्यात माणसांची नावं येतात. 'जाऊबाई', 'मॅनेजर'. जाऊबाई अंतःकरणात शिरलेली नाही, शिरला आहे तो अपमान. माणसाचं नाव लिहिलं की वही तक्रारपत्र होते आणि ती वाचताना राग पुन्हा ताजा होतो. तिसरी चूक अधिक भाविक मंडळी करतात. ती फक्त पापं लिहितात. ही पापांची यादी नव्हे. भीती हे पाप नव्हे, दुःख तर नव्हेच. आणि काही जणांचा स्वभाव मुळातच स्वतःला टोचत राहण्याचा असतो. त्यांनी घड्याळ लावून बारा मिनिटांनी वही मिटावी, आणि तीन दिवसांत मन हलकं होण्याऐवजी जडच होत असेल तर लिहिणं सोडून फक्त जोडीदाराशी बोलावं.

जोडीदार म्हणजे गटातलंच एक माणूस, शक्यतो नात्यातलं नसलेलं. बाईला बाई, पुरुषाला पुरुष. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं, फोनवर चालतं. गेथशेमानेत येशूनं एकट्यानं रात्र काढायचं ठरवलं नव्हतं. पेत्र, याकोब आणि योहानाला बरोबर घेतलं, 'माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे' हे त्यांना सांगितलं, जागं राहायला सांगितलं. ते झोपले ही गोष्ट वेगळी. तेव्हा जोडीदार झोपेल हे धरूनच चालावं. त्याच्याकडून सल्ला नको असतो, 'बाहेर' हा रकाना कुठला रिकामा आहे एवढंच त्यानं विचारायचं असतं. ऐकलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. इथे एक स्पष्ट बोललं पाहिजे: आपल्या मंडळ्यांत 'प्रार्थनेसाठी सांगतेय हं' असं म्हणून दुसऱ्याच्या घरातली गोष्ट चार घरं फिरते. तसं एकदा झालं की तो गट त्या वर्षापुरता संपतो, कारण पुढे कुणी खरं लिहीत नाही. असं गट मोडणं आम्ही पाहिलंय.

दुसऱ्या आठवड्यात रिकाम्या रकान्यांकडे वळायचं. जो पाहुणा रात्रीपर्यंत गेला नाही, त्याच्यापुढे दोन प्रश्न. उद्या रात्रीपर्यंत यात माझ्या हातानं करण्यासारखं काही आहे का? असेल तर ते काम म्हणून लिहायचं, वेळेसकट: 'उद्या ११ वाजता बँकेत फोन, हप्त्याची तारीख पुढे ढकलता येते का विचारणं'. उरलं ते प्रार्थनेचं. फिलिप्पै ४:६ मध्ये पौलानं चार शब्द वापरलेत: प्रार्थना, विनंती, आभारप्रदर्शन, मागणी. आम्ही त्यांच्या चार ओळी करतो. पहिली ओळ देवाकडे तोंड करण्याची, तू कोण आहेस ते म्हणण्याची. दुसरीत आपली अवस्था. तिसरीत वहीतली ती चांगली नोंद. चौथीत नेमकी मागणी, आकड्यासकट. 'आर्थिक आशीर्वाद दे' याला मागणी म्हणत नाहीत. 'हप्ता १८,४००, खात्यात १२,०००, पाच तारखेपर्यंत ६,४०० कमी आहेत' ही मागणी. आकडा लिहिला की भीती त्या आकड्याएवढी होते. तोवर ती घराएवढी असते. ही चार ओळींची प्रार्थना मोठ्यानं म्हणून झाली की 'बाहेर' या रकान्यात लिहायचं: 'दिलं', आणि वेळ. तासाभरानं तीच भीती परत दारात उभी असेल तर नवी प्रार्थना शोधू नये. गेथशेमानेत येशूनं पुन्हा जाऊन तेच शब्द बोलून प्रार्थना केली असं मार्क लिहितो. तेच शब्द चालतात.

तिसरा आठवडा सगळ्यांत अवघड, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. विलापाचा. आपल्याकडे उपासनेत कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की शेवट ठरलेला असतो: अडचण आली, प्रार्थना केली, मार्ग निघाला, प्रभूची स्तुती असो. ज्याचा मार्ग निघालेला नाही त्यानं कुठे उभं राहायचं? तो मागच्या बाकावर बसतो, मग हळूहळू येईनासा होतो. स्तोत्रसंहितेत मात्र दीडशेपैकी एक तृतीयांशाच्या आसपास स्तोत्रं विलापाची आहेत. ती देवाच्याच पुस्तकात आहेत, तेव्हा म्हणायला परवानगी मागायची गरज नाही.

सुरुवात तेराव्या स्तोत्रानं. सहाच वचनं. मूळ इब्रीत 'कोठवर' हा शब्द पहिल्या दोन वचनांत चारदा येतो. सोमवारी आणि मंगळवारी एवढीच दोन वचनं मोठ्यानं वाचायची आणि चार 'कोठवर' आपल्या शब्दांत लिहायचे. उदाहरणार्थ: 'प्रभू, रिपोर्टची वाट अजून किती दिवस? किती दिवस तू गप्प? रात्री दोनला जाग येऊन छताकडे बघणं कुठवर? आणि ज्यांनी फसवलं ते नवीन गाडीतून समोरून जाताना मी किती दिवस बघायचं?' बुधवार-गुरुवारी तिसरं आणि चौथं वचन: मागणं. पाचव्या वचनात 'मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे' असं वळण येतं. ते शुक्रवारपर्यंत उघडायचं नाही. ही अट लोकांना छळते. सोमवारीच पाचव्या वचनावर उडी मारायची सवय इतकी पक्की असते की पहिली चार वचनं म्हणजे अविश्वास वाटतो. पण वळणाआधीचा रस्ता चाललाच नाही तर वळण येणार कुठून? शुक्रवारी ते वचन वाचून काहींना रडू येतं. काहींना काहीच होत नाही. दोन्ही ठीक आहे.

शनिवारी ज्यांना वळण आलं नाही त्यांच्यासाठी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. ते शेवटपर्यंत वळत नाही. इब्रीत त्याचा अगदी शेवटचा शब्द 'अंधार' आहे. तरी ते 'हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा' अशा हाकेनं सुरू होतं. अंधारात बसून हाक कुणाला मारायची ते ठाऊक असणं, एवढाच विश्वास त्या स्तोत्रात आहे, आणि कुणीतरी तो स्तोत्रसंहितेत ठेवला.

याच आठवड्यात एका गोष्टीवर लक्ष ठेवावं लागतं. दोन आठवडे सलग झोप नाही, कशातच रस नाही, जेवण सुटलंय, 'मी नसलो तर बरं' असं वहीत येतंय, तर ते वहीचं काम राहिलेलं नाही. डॉक्टरांकडे जायचं. सरकारची टेलीमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, मराठीत बोलता येतं. आम्ही हा नंबर पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून घेतो. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं असं सांगणारे लोक मंडळीत भेटतील. त्यांना एलीयाची भाकर दाखवावी.

चौथा आठवडा रागाचा आणि तोंडाचा. इथे फार बोलण्यासारखं नाही, करण्यासारखं आहे. इफिस ४:२६ 'तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये' असं म्हणतं. त्याचा अर्थ सूर्यास्ताआधी भांडण मिटवलंच पाहिजे असा घेऊन नवरा-बायको रात्री बारापर्यंत भांडतात. सूर्यास्ताआधी रागाला वहीत नाव मिळालं आणि तो देवाच्या हातात दिला, की त्या दिवसाचं काम झालं, बोलणं सकाळी. सोसायटीच्या किंवा भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर टाइप झालं असेल तर ते स्वतःलाच पाठवायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळच्या दहा मिनिटांत स्तोत्र १४१:३, 'माझ्या मुखावर पहारा ठेव', वाचून मग बघायचं. बहुतेक मेसेज तिथेच मरतात. क्षमेबद्दल एकच सावधगिरी: क्षमा करणं आणि पुन्हा त्याच घरात मार खायला जाणं या दोन गोष्टी एक नाहीत. अंतःकरणाची राखण सांगणारा देव हात-पाय मोडून घ्यायला सांगत नाही. अशा बाईला वचन देण्याआधी सुरक्षित जागा द्यावी.

पाचव्या आठवड्यात उलट उत्तर द्यायला शिकायचं. रानात सैतानानं तीनदा विचारलं, येशूनं तीनदा 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन सांगितलं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रिअस नावाच्या साधूनं मनाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार केले आणि प्रत्येकाला द्यायची शास्त्रवचनं गोळा केली. त्याच्या आठांपैकी एक आहे तो दुपारचा: सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू खिडकीतून पुन्हा पुन्हा बघतो की कुणी येतंय का. पुण्यातल्या एक ते चारवर विनोद पुष्कळ झालेत, पण वर्क फ्रॉम होम करणाऱ्यांच्या वह्यांत तीनच्या सुमाराची नोंद बघितली की तो साधू ओळखीचा वाटतो.

वचनं तीनच निवडायची, तीस नाहीत. प्रत्येकी दोन दिवस, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हातानं लिहून खिशात. पाठ करायची सोपी जागा म्हणजे बस. स्वारगेट ते कात्रज एवढ्या वेळात एक वचन वीसदा पुटपुटून होतं. निवड मात्र वहीवरून करायची: सगळ्यांत जास्त वेळा आलेल्या तीन पाहुण्यांना तीन वचनं. भीतीला १ पेत्र ५:७, 'त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका', हे बहुतेक वेळा लागू पडतं. आणि निवडलेल्या वचनाच्या आधीची पाच वचनं वाचल्याशिवाय ते घ्यायचं नाही. यिर्मया २९:११, 'तुम्हांविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत', हे नोकरीच्या मुलाखतीआधी सगळे घेतात. त्याच्या वरचंच दहावं वचन सांगतं की बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर परत आणीन. म्हणजे बाबेलात धरून नेलेल्या ज्या लोकांना यिर्मयाचं हे पत्र आलं, त्यातल्या पुष्कळांना परतीचा दिवस दिसलाच नाही. त्यांना घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा असं सांगितलं होतं. वचन खोटं नाही, पण ते शुक्रवारच्या मुलाखतीबद्दल नाही, आणि मुलाखत हुकली की माणूस वचनावरच रुसतो. भाषा जड वाटत असेल तर दुसरं मराठी भाषांतर शेजारी ठेवावं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ इब्री आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते याच कारणासाठी.

सहावा आठवडा पवित्र आठवडा. नवीन काही शिकवत नाही. वहीतल्या नोंदी तीनवर आणायच्या. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते, तिला बसायचं, तेव्हा वही घरी. शनिवारी, चाळिसाव्या दिवशी, पहिल्यापासून वही चाळायची. इथे लोकांना एक गोष्ट दिसते आणि ती आम्ही आधी सांगत नाही: पाहुणे कमी झालेले नसतात. पाचव्या आठवड्यातही तीच भीती, त्याच दारातून. बदललेला असतो तो 'बाहेर' हा रकाना. पहिल्या आठवड्यात दिवस-दिवस रिकामा, नंतर 'रात्री', नंतर कधी 'तासाभरात'. काहींच्या वहीत तो शेवटपर्यंत रिकामाच राहतो, विशेषतः ज्यांच्या घरात मृत्यू झालाय त्यांच्या. त्यांना आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतो, आणि मधल्या काळात जोडीदाराचा फोन चालू ठेवतो.

राहता राहिली वही. ती जपून ठेवू नये. चार वर्षांनी कुणाच्या हाती लागली तर घर पेटतं. रद्दीतही देऊ नये. पुण्याची रद्दी कुठल्या भेळेच्या गाडीवर पोचेल याचा नेम नसतो, आणि आपली लाज कुणाच्या तरी चिंचेच्या पाण्यात भिजावी असं कुणालाच वाटत नाही. पुठ्ठा आणि पिना काढून पानं बादलीत रात्रभर भिजवावीत. सकाळी हातानं कुस्करली की लगदा होतो. पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटेच्या उपासनेहून आल्यावर तो कुंडीतल्या मातीत मिसळून टाकावा, वरून दोन इंच माती, नाहीतर बुरशी धरते. पुठ्ठा मात्र राहू द्यावा. आतल्या बाजूला १४४१६ लिहिलेलं आहे.